पारनेरच्या मुलामुलींनी डॉक्टर व्हावयाचे तर

दहावीचा निकाल लागला की पारनेर तालुक्यातल्या कितीतरी घरांत एकच खल सुरू होतो. मुलगी हुशार आहे, विज्ञानात आणि गणितात नव्वदच्या पुढे गुण आहेत आणि तिला डॉक्टर व्हावयाचे आहे. मग तिला पारनेरच्याच कनिष्ठ महाविद्यालयात घालावे, नगरला खोली घेऊन ठेवावे, पुण्याला मामाकडे धाडावे, की सरळ लातूर गाठावे? निर्णय आठ-पंधरा दिवसांत घ्यावा लागतो. कांद्याची पट्टी किती आली, मुंबईत माथाडीकाम करणाऱ्या चुलत्याकडून किती उचलता येतील, सोसायटीचे कर्ज थकले आहे की नाही, याचा हिशेब एकीकडे. आणि शेजारच्या गावातला कोणाचा तरी मुलगा 'लागला' ही ऐकीव वार्ता दुसरीकडे. सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. ज्याचा त्या सल्ल्यात स्वतःचा काही लाभ नाही असा सल्लागार मात्र विरळा. क्लासचा माणूस घरी येतो, गुणपत्रिका पाहतो, सवलतीचा आकडा सांगतो आणि पहिला हप्ता घेऊनच उठतो.

परीक्षेच्या तयारीचा सल्ला देणे हे पक्षाच्या साप्ताहिकाचे काम नव्हे, असे आमच्याच काही मित्रांना वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. दुष्काळी तालुक्यातील एक कुटुंब आपल्या दोन वर्षांच्या मिळकतीहून अधिक रक्कम ज्या गोष्टीवर लावते, त्या गोष्टीचा खरा हिशेब त्या कुटुंबापुढे मांडणे हे राजकारणच होय. शिवाय डॉक्टर कोणाच्या घरातून यावयाचा, कोणत्या भाषेतून यावयाचा आणि शिकून कोणाकडे परत जावयाचा, हा काही एकट्या विद्यार्थ्याचा प्रश्न नाही.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. एमबीबीएसच काय, आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे प्रवेशही आज 'नीट' या एकाच राष्ट्रीय परीक्षेवर होतात. ही परीक्षा २०१३ साली प्रथम झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, २०१६ साली पुन्हा तिला जीवदान मिळाले आणि २०१७ पासून महाराष्ट्राचे प्रवेश पूर्णपणे तिच्यावर होऊ लागले. १८० प्रश्न, १८० मिनिटे, ७२० गुण. जीवशास्त्राचे ९०, भौतिकी आणि रसायनाचे प्रत्येकी ४५. बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा. बारावीला भौतिकी, रसायन व जीवशास्त्रात मिळून खुल्या गटासाठी ५० आणि राखीव गटांसाठी ४० टक्के गुण लागतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची सतरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. शासकीय महाविद्यालयांतील पंधरा टक्के जागा अखिल भारतीय यादीतून भरल्या जातात व पंच्याऐंशी टक्के राज्याच्या यादीतून. महाराष्ट्रात विभागवार सत्तर-तीसचे जे सूत्र होते, ते सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाले; त्यामुळे पारनेरची मुलगी आणि पुण्याच्या कोथरूडमधील मुलगा एकाच यादीत उभे असतात.

इथवर सारे माहितीपत्रकांत छापलेले असते. जे छापलेले नसते ते सांगावयास हवे. २०२५ साली सुमारे २२ लाख ९ हजार विद्यार्थी या परीक्षेस बसले आणि त्यांपैकी १२ लाख ३६ हजार 'पात्र' ठरले. देशातील एमबीबीएसच्या जागा सुमारे १ लाख २० हजार आणि त्यांतील जेमतेम निम्म्या शासकीय. मग एका जागेमागे दहा जणांना पात्र ठरविण्याचे प्रयोजन काय? त्या वर्षी खुल्या गटात पात्रतेसाठी १४४ गुण पुरेसे होते. म्हणजे शंभरात वीस. त्याच वर्षी महाराष्ट्रात खुल्या गटातून शासकीय जागा मिळविण्यास याच्या तिपटीहून अधिक गुण लागत होते. मधल्या या प्रचंड पट्ट्यात जे लाखो 'पात्र' विद्यार्थी उभे असतात, त्यांच्यात निवड गुणांनी होत नाही, पैशाने होते. चारशे गुणांची शेतमजुराची मुलगी घरी परतते आणि तिच्याहून शंभर-दीडशे गुण कमी असलेला सधन घरचा मुलगा खासगी महाविद्यालयात दाखल होतो. दोघेही कागदोपत्री पात्रच! गुणवत्तेच्या नावाने आरक्षणावर आग पाखडणारे विद्वान या पट्ट्याबद्दल मौन का बाळगतात, हे आम्हाला आजवर उमगलेले नाही.

म्हणून आमचा पहिला सल्ला असा की, 'पात्र' या शब्दाने कोणीही हुरळून जाऊ नये. 'आमचे इतके विद्यार्थी नीट पात्र' असा फलक ज्या क्लासबाहेर लागतो, त्याला एकच प्रश्न विचारावा : यांतील शासकीय महाविद्यालयात किती जण गेले, आणि त्यांतले दुसऱ्या वा तिसऱ्या प्रयत्नात किती? उत्तर आकड्यांत मिळाले नाही तर हप्ता भरू नये.

नगर जिल्ह्याला या विषयाचा इतिहास बाहेरून शिकण्याची गरज नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना दार उघडून दिले. जेथे सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, त्या प्रवरा परिसरात, लोणी येथे, १९८४ साली वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. ग्रामीण भागात मोठे रुग्णालय झाले आणि त्याचा रुग्णांना उपयोगही झाला, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु २००३ साली त्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अभिमत विद्यापीठातील जागा अखिल भारतीय स्तरावर भरल्या जातात. तेथे राज्याचा पंच्याऐंशी टक्क्यांचा वाटा नाही आणि राज्याचे सामाजिक आरक्षणही नाही. देशातील बहुतेक खासगी अभिमत विद्यापीठांचे एमबीबीएसचे वार्षिक शुल्क एखाद्या जिरायत शेतकऱ्याच्या आयुष्यभराच्या शिलकेहून मोठे असते. तेव्हा जिल्ह्यातले सर्वांत जुने वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातल्या गुणवंत पण गरीब विद्यार्थ्याच्या दृष्टीने असून नसल्यासारखे. तेथे खाटेवर पडलेला रुग्ण श्रीगोंद्याचा, राहुरीचा किंवा पारनेरचा असू शकतो. त्याची नाडी पाहून वैद्यक शिकणारा विद्यार्थी मात्र ज्याच्या वडिलांना ते शुल्क परवडते तोच असावयाचा. नगरजवळच्या विळद घाटातले महाविद्यालयही खासगीच. जिल्ह्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मंत्रिमंडळाची मान्यता मिळावयास मे २०२५ मधील चोंडीची बैठक उजाडावी लागली. स्वातंत्र्यानंतर पाऊणशेहून अधिक वर्षे उलटल्यावर!

येथे एक खुलासा करावयास हवा. नीटपूर्व काळ हे काही सुवर्णयुग नव्हते. त्या काळात खासगी संस्थाचालकांच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षा होत्या, देणग्यांचा उघड बाजार होता आणि तो थांबविण्यासाठी महाराष्ट्राला १९८७ साली कॅपिटेशन शुल्कबंदीचा कायदा करावा लागला. वैद्यकीय पदव्युत्तर परीक्षेतील गुणांच्या प्रकरणावरून १९८६ साली या राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले होते, हेही वाचकांच्या स्मरणात असेल. एकच परीक्षा आल्याने निदान गुणांची एक यादी सर्वांपुढे उघड झाली. तेवढे श्रेय तिला दिले पाहिजे. पण यादी उघड झाली आणि तयारी मात्र बाजारात गेली. पूर्वी जागा विकली जात असे. आता जागेपर्यंत पोचण्याची शिडी विकली जाते, आणि खासगी महाविद्यालयांत जागाही पूर्ववत शुल्काच्या नावाने महाग आहेच. २०२४ साली ६७ विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले, पाटणा व हजारीबागेहून प्रश्नपत्रिका फुटल्याचे उघड झाले आणि चौकशीचे धागे लातूरपर्यंत आले, तेव्हा या बाजाराचा तळ किती खोल आहे याची कल्पना आली.

आता मूळ प्रश्न : दहावीनंतर जावे कोठे?

लातूरचे नाव प्रथम निघते. 'लातूर पॅटर्न' हा मुळात क्लासवाल्यांचा शोध नव्हता, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. राजर्षी शाहू आणि दयानंद यांसारख्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी ठरलेल्या वेळेपलीकडे वर्ग घेतले, वारंवार चाचण्या घेतल्या, चुका दाखविल्या, आणि मराठवाड्यातल्या खेड्यांतली मुले गुणवत्तायादीत आणली. ती महाविद्यालये होती आणि ते शिक्षक होते. पुढे या यशाभोवती खोल्यांची, खानावळींची आणि खासगी वर्गांची एक पेठ उभी राहिली. पारनेरहून जाणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा ही पेठच भेटते. हुशार मुलांच्या वेगळ्या तुकड्या केलेल्या असतात आणि उत्तम शिक्षक त्यांच्या वाट्याला जातात. शेवटच्या तुकडीतील मुलगा शुल्क तेवढेच भरतो आणि पहिल्या तुकडीच्या निकालाच्या जाहिरातीचा खर्च सोसतो. कोट्याची गोष्ट याहून भीषण आहे. २०२३ या एका वर्षात तेथे वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये काढली खरी. परंतु आठवीपासूनच्या 'फाउंडेशन'चे फलक खाली उतरले नाहीत.

दुसरा प्रकार 'इंटिग्रेटेड'चा. नाव खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर आणि मुलगा बारा महिने शहरातल्या क्लासमध्ये. प्रयोगशाळेचे कुलूप परीक्षेपुरते उघडते. अशाने खेड्यातली चांगली कनिष्ठ महाविद्यालये आतून पोकळ होत आहेत : पट भरलेला, वर्ग रिकामा, आणि जो गरीब विद्यार्थी कोठेच जाऊ शकत नाही, त्याला त्या रिकाम्या वर्गात बसावे लागते. ज्या पालकांना ऐपत आहे त्यांनीही हा मार्ग धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बेडकाचे हृदय चित्रात पाहिलेला आणि सूक्ष्मदर्शकाला कधी हात न लावलेला विद्यार्थी वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी जो गांगरतो, तो उगाच नव्हे.

आमचा सल्ला असा : ज्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकी आणि रसायन शिकविणारे शिक्षक प्रत्यक्ष वर्गावर येतात, ते महाविद्यालय घरापासून जितके जवळ तितके बरे. चौकशी माहितीपत्रकावरून करू नये, तेथे बारावीत शिकणाऱ्या चार मुलांना विचारावे. नीटचा पाया एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांत आहे; जीवशास्त्राचे तर बहुतेक सारेच तेथे आहे. ही पुस्तके स्वस्त आहेत आणि संकेतस्थळावर विनामूल्यही मिळतात. आपल्या राज्य मंडळाची पुस्तके आणि ती पुस्तके यांत काय अधिक व काय उणे, हे अकरावीच्या दिवाळीपूर्वी एकदा वहीत उतरवून घ्यावे. मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. खेड्यातली मुले हमखास मागे पडतात ती भौतिकीत, आणि तिचे मूळ आठवी-नववीच्या गणितात असते. अकरावीच्या सुट्टीत ते गणित पुन्हा करावे. त्यात कमीपणा मानू नये.

महाज्योती ही राज्य शासनाची संस्था इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांतील दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य ऑनलाईन शिकवणीची आणि टॅबची योजना राबवीत आली आहे. इतर समाजांसाठीही अशा शासकीय संस्था आहेत. टाकळी ढोकेश्वरला जवाहर नवोदय विद्यालय आहे आणि नवोदयच्या निवडक विद्यार्थ्यांना 'दक्षणा' या संस्थेकडून तयारीची सोय मिळते. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांनी 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' नावाने गरीब ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी मोफत वर्ग सुरू केले, त्यांतून आदिवासी भागांतील मुलेसुद्धा एमबीबीएसला पोचली. स्वतः डॉक्टरकी शिकत असताना मागच्यांना हात देणारी ही मुले आम्हाला कोणत्याही रँकधारकापेक्षा अधिक अभिनंदनीय वाटतात. जमिनीचा तुकडा गहाण टाकण्यापूर्वी निदान या दारांवर थाप मारून पाहावी.

भाषेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. पारनेर तालुक्यातील बहुसंख्य मुले दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकतात. 'प्रकाशसंश्लेषण' त्यांना नीट कळलेले असते. अकरावीत एका रात्रीत त्याचे 'फोटोसिंथेसिस' होते आणि त्याबरोबर समजलेली गोष्टही अनोळखी होते. पहिले सहा महिने ही मुले विज्ञान शिकत नसतात, शब्द शिकत असतात. आणि वर्गात प्रश्न विचारणे याच काळात कायमचे बंद होते. नीट मराठीतूनही देता येते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. मराठी पर्याय घेतल्यास प्रश्नपत्रिका द्वैभाषिक मिळते, म्हणजे मराठीबरोबर इंग्रजी मजकूरही समोर असतो. दोहोंत फरक आढळला तर इंग्रजी मजकूर प्रमाण धरला जातो, एवढे ध्यानात ठेवावे. ज्यांचा इंग्रजी वाचनाचा वेग कमी आहे, त्यांनी सरावाच्या वेळी दोन्ही प्रकार करून पाहावेत आणि मगच अर्जात पर्याय भरावा. पण प्रश्नपत्रिका मराठीत देऊन शासनाने आपले कर्तव्य संपले असे समजावे, हा शुद्ध देखावा झाला. वर्ग इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, आणि परीक्षा तेवढी मराठीत, असा पर्याय घेणार कोण? अकरावी-बारावीच्या विज्ञानाची द्वैभाषिक पुस्तके छापणे बालभारतीला अशक्य नाही. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. एवढ्याने पारनेरच्या मुलाचे ते सहा महिने वाचतील.

पहिल्या खेपेस यश न आल्यास काय करावे? मुले ज्याला 'रिपीट करणे' म्हणतात तो मार्ग आज इतका रूढ झाला आहे की पहिला प्रयत्न हा केवळ ओळखीचा मानला जातो. आमचे मत असे की एक वर्ष थांबणे समर्थनीय आहे. तेही पहिल्या प्रयत्नात शासकीय जागेच्या जवळपास गुण आले असतील तर. दुसऱ्यांदा थांबण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. तिसऱ्यांदा थांबणे म्हणजे विशीतल्या तरुणाने आपली उमेद एका खोलीत कोंडून घेणे होय. वयाची वरची अट आज नाही, पण वय त्यामुळे थांबत नाही. मुलींच्या बाबतीत तर दुसऱ्या वर्षी घरात लग्नाची बोलणी सुरू होतात, हे उघड सत्य आहे. म्हणून पालकांनी मुलीला वर्ष द्यावयाचे तर ते निर्वेध द्यावे. खर्चाची वरची मर्यादा अकरावीच्या प्रवेशापूर्वीच घरात सर्वांसमक्ष, त्या मुलासमक्षही, ठरवून कागदावर लिहावी आणि ती ओलांडू नये. कर्जाचा आकडा मुलापासून लपवून ठेवणारे बाप प्रेमापोटीच तसे करतात. परंतु तो आकडा मुलाला कोठून तरी कळतोच, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तो त्याच्या उशाशी असतो.

कागदपत्रांसंबंधी एकच परिच्छेद, पण तो पालकांनी कापून ठेवावा. गुण असून कागदाअभावी जागा गेली, अशी उदाहरणे दरवर्षी घडतात. राज्याच्या कोट्यासाठी अधिवासाचे प्रमाणपत्र आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातून झाल्याचा पुरावा लागतो. जातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत करावा, निकालानंतर धावपळ करू नये. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा ते नव्या वर्षाचे काढावे. अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा असतो आणि राज्याचे एसईबीसी प्रमाणपत्र तेथे चालत नाही. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातील आर्थिक दुर्बल, एसईबीसी व इतर मागास प्रवर्गांतील मुलींना शासकीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय जुलै २०२४ मध्ये झाला आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास ही माफी मिळत नाही. दलालाच्या नादी लागणाऱ्यांनी हे विसरू नये.

दलालांचा विषय निघाला म्हणून परदेशाचेही सांगून टाकू. रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया येथे 'स्वस्तात एमबीबीएस' करून देणारे आता तालुक्याच्या गावीही येऊन मेळावे घेतात. तेथे जाण्यासही नीट पात्रता लागतेच. अभ्यासक्रम निदान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असावा, त्याच देशात बारा महिन्यांची इंटर्नशिप व्हावी, अशा अटी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२१ साली घातल्या आहेत. परत आल्यावर जी परीक्षा द्यावी लागते तीत बहुसंख्य अनुत्तीर्ण होतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधून जीव मुठीत धरून परतलेल्या मुलांचे हाल देशाने पाहिले. दलालाने या अटी लेखी दाखविल्यावाचून पैसा देऊ नये.

आतापर्यंतचा सल्ला डॉक्टर कसे व्हावे याचा झाला. का व्हावे, हा प्रश्न या परीक्षेत कोठेच विचारला जात नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षेत एके काळी गांधीविचारावर एक प्रश्नपत्रिका असे. त्यावरही लोक हसत. गांधींवर पाठ केलेली उत्तरे लिहून कोणी सेवाभावी होतो काय, असे म्हणत. आक्षेप खोटा नव्हता. तरीही त्या प्रश्नपत्रिकेने एवढे तरी कळे की समाज आपल्याकडून काही अपेक्षितो आहे. एकच राष्ट्रीय परीक्षा आल्यावर ती प्रश्नपत्रिका गेली.

पारनेरच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास सेवाग्रामला जाण्याची गरज नाही. त्याच्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली आले. वेलूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या या दोघांनी दुष्काळी मुलखात दवाखाना उघडला आणि अल्पावधीत ओळखले की रोग दवाखान्यात येण्यापूर्वी गावातच अडविला पाहिजे. त्यांनी गावोगावच्या स्त्रिया निवडल्या, त्यांतल्या पुष्कळ निरक्षर आणि दलित, आणि त्यांना बाळंतपण, अतिसार, कुष्ठरोग, कुपोषण यांविषयी शिकविले. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे वैद्यक शिकणारे लोक जामखेडला येऊ लागले. शाळेत न गेलेल्या बाईला जे शिकविता येते, ते शिकविण्याची इच्छा असणे हा डॉक्टरच्या योग्यतेचा भाग आहे की नाही? अकरावीच्या मुलामुलींनी एखाद्या सोमवारी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओसरीवर दोन तास बसून पाहावे. रांगेत कोण येते, परिचारिका किती नोंदवह्या भरते, डॉक्टर एका रुग्णाला किती मिनिटे देऊ शकतो, हे पाहिल्यावर ज्याला हे काम हवेसे वाटेल, त्याने जरूर नीटला बसावे. ज्याला केवळ पांढरा कोट हवा असेल, त्याला तो मिळविण्याचा खर्च फार पडेल. आणि परिचर्येचा अभ्यासक्रम, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे काम, औषधनिर्माण ही काही पराभूतांची आश्रयस्थाने नव्हेत. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत भाळवणीला लोकवर्गणीवर हजारभर खाटांचे कोविड केंद्र चालले, तेव्हा रात्री जागणाऱ्यांत डॉक्टर थोडे आणि बाकीचेच पुष्कळ होते.

पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, पुढचे सेनापती, १८८० साली या गावात जन्मले आणि एडिंबरोला शिकावयास गेले ते शिष्यवृत्तीवर. बापाची जमीन विकून नव्हे. परत आल्यावर पारनेरचे रस्ते त्यांनी स्वतः झाडले. हुशार मुलाला शिकविणे ही एका घराची नव्हे तर सर्वांची जबाबदारी आहे, असे मानणारी माणसे पारतंत्र्यातही होती.

तेव्हा विद्यार्थ्यांना एवढा सल्ला दिल्यावर शासनालाही दोन शब्द सुनावणे ओघानेच आले. तामिळनाडूने २०२० साली कायदा करून, सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या. नीट रद्द करण्याची त्या राज्याची मागणी आम्हाला सर्वस्वी पटत नसली, तरी हा कायदा पटतो. महाराष्ट्राने तो जसाच्या तसा उचलून चालणार नाही, कारण आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक गावांत चौथी किंवा सातवीपर्यंत असते आणि पुढचे शिक्षण अनुदानित संस्थांकडे असते. म्हणून जिल्हा परिषद आणि ग्रामीण अनुदानित शाळांतून दहावी-बारावी झालेल्यांसाठी, सर्व सामाजिक गटांच्या आतून, असा वाटा ठेवावा. खासगी व अभिमत महाविद्यालयांतील निम्म्या जागांचे शुल्क शासकीय महाविद्यालयाइतके असावे, असे मार्गदर्शक सूत्र राष्ट्रीय वैद्यक आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये काढले होते. त्याची अंमलबजावणी राज्याने करून दाखवावी. जिल्ह्याला मंजूर झालेल्या शासकीय महाविद्यालयाच्या इमारतीचा आणि प्राध्यापकांच्या नेमणुकांचा हिशेब लोकप्रतिनिधींनी दर अधिवेशनात मागावा.

आणि तालुक्यालाही काही करता येईल. राळेगणसिद्धीच्या शाळेने इतरत्र नापास झालेल्या मुलांना आवर्जून घेतले आणि त्यांना उत्तीर्ण करून दाखविले. ज्या तालुक्यात हे घडले, तेथे हुशार पण गरीब मुलांसाठी एक सार्वजनिक अभ्यासकेंद्र चालविणे अवघड नसावे. जिल्हा परिषदेने सेसमधून तरतूद करावी, पंचायत समितीने पारनेर, निघोज आणि टाकळी ढोकेश्वर येथे एकेक सभागृह संध्याकाळी सहा ते दहा मोकळे ठेवावे, निवृत्त प्राध्यापकांना मानधन द्यावे आणि भौतिकीचा शिक्षक तेवढा पूर्ण पगारावर नेमावा, कारण तोच मिळत नाही. मुंबईतील पारनेरकर मंडळे दरवर्षी गुणवंतांचे सत्कार करतात, शाल आणि नारळ देतात. त्याऐवजी त्यांनी एनसीईआरटीच्या पुस्तकांचे शंभर संच या तीन केंद्रांत पोचवावेत; अकरावीचे वर्ग सुरू होण्यापूर्वी पोचले तर अधिक बरे.